जनमत म्हणजे देवमत नव्हे

२०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. रविवारची दुसरी मिस्सा संपली होती. पावसाची मोठी सर आल्यामुळे भाविक चर्चच्या व्हरांड्यातच खोळंबले होते. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मालवाहू बोटीवर नोकरी करतो. नऊ महिन्यांची फेरी संपवून तो नुकताच घरी आला होता. बोटीवरच्या सोबत्यांविषयी बोलता बोलता तो म्हणाला, "फादर, आमच्या बोटीवर निम्म्याहून अधिक लोक फिलिपिनो. सगळे आपल्यासारखेच कॅथलिक. क्रुसाची खूण केल्याशिवाय घास घेत नाहीत. केबिनमध्ये बाळ येशूची मूर्ती. आणि मे महिन्यात निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा हेच लोक आनंदाने नाचत होते. कशासाठी, तर मार्कोसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून! त्या मार्कोसला तर तिथल्या सिस्टरांनी आणि फादरांनीच घालवले होते ना?"

मी काही बोलण्यापूर्वीच शेजारी उभे असलेले आमचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "अरे बाबा, तीन कोटींहून अधिक लोकांनी मत दिले आहे. लोकांनी एकदा कौल दिला की विषय संपला. जनमत म्हणजेच देवमत. फादर, तुम्ही सेमिनरीत लॅटिन शिकलात, ते काय म्हणतात, व्हॉक्स पॉप्युली..."

"व्हॉक्स देई," मी वाक्य पूर्ण केले. तेवढ्यात पाऊस थांबला आणि मंडळी पांगली.

सरांविषयी मला मनापासून आदर आहे. आमच्या गावातील दोन पिढ्यांना त्यांनी घडवले. तरीही त्या दिवशी मी त्यांचे वाक्य पुरे करून दिले आणि खोडून काढले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. कारण ते वाक्य चुकीचे आहे. राष्ट्राचा नेता बदलला जातो तेव्हा लोक काय म्हणतात याला फार मोठे मोल आहे. परंतु लोक म्हणतात म्हणून ते देवाचे म्हणणे ठरत नाही. फिलिपिन्सच्या साडेतीन-चार दशकांच्या इतिहासाइतका याचा स्पष्ट पुरावा दुसरा नाही, आणि तो इतिहास कॅथलिक ख्रिस्तसभेच्या अंगणात घडलेला असल्याने त्याकडे पाठ फिरवण्याची मुभा आपल्याला नाही.

चार दिवस

फर्डिनंड मार्कोस हे १९६५ साली लोकांच्याच मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. १९६९ साली पुन्हा निवडून आले. तिसऱ्यांदा उभे राहण्यास राज्यघटनेची मनाई होती. मुदत संपत आली तेव्हा, सप्टेंबर १९७२ मध्ये, त्यांनी देशात लष्करी कायदा पुकारला. संसद बंद झाली, वृत्तपत्रांना टाळे लागले, विरोधक तुरुंगात गेले. त्या राजवटीत सुमारे ३,२०० माणसे मारली गेली, ३५,००० जणांचा छळ झाला आणि ७०,००० जणांना कैदेत टाकण्यात आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पुढे त्या देशाच्या सरकारनेच नेमलेल्या मंडळाने दाव्यांची एकेक करून छाननी केली आणि ११,१०३ व्यक्तींना अत्याचारपीडित म्हणून मान्यता दिली. हे आकडे वाचून पुढे जाऊ नये. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे डोळ्यांसमोर आणावीत आणि मग ते पुन्हा वाचावेत.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी पक्षनेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून मायदेशी परतले आणि मनिलाच्या विमानतळावर विमानातून उतरताच त्यांना गोळी घालण्यात आली. निजलेला मध्यमवर्ग त्या गोळीच्या आवाजाने जागा झाला. ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुदतपूर्व निवडणूक झाली. मार्कोस यांच्यासमोर उभी होती अक्विनो यांची विधवा पत्नी कोराझोन. मतमोजणीत फेरफार होत असल्याचे पाहून सरकारी मोजणीकेंद्रातील संगणकावर काम करणारे कर्मचारी काम टाकून बाहेर पडले आणि त्यांनी एका चर्चमध्ये आश्रय घेतला. त्याच महिन्यात तेथील बिशपांच्या परिषदेने निवेदन काढले. फसवणुकीने मिळवलेल्या किंवा टिकवलेल्या सत्तेला नैतिक आधार उरत नाही, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. २२ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री आणि एक वरिष्ठ सेनाधिकारी मार्कोस यांच्यापासून फुटून छावणीत जाऊन बसले. त्या रात्री मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल हाइमे सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना हाक दिली: घराबाहेर पडा आणि त्यांना संरक्षण द्या.

लोक आले. एडसा नावाच्या हमरस्त्यावर लाखो लोक उभे राहिले. रणगाड्यांसमोर गुडघे टेकून धर्मभगिनींनी रोझरी म्हटली, मुलींनी सैनिकांना फुले दिली, गृहिणींनी त्यांना खाऊ घातले. २५ फेब्रुवारीला कोराझोन अक्विनो यांनी शपथ घेतली आणि त्याच रात्री मार्कोस कुटुंब देश सोडून गेले.

त्याच महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत पोप दुसरे जॉन पॉल आपल्या देशात होते. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. शिवाजी पार्कवरील मिस्सेला धर्मग्रामातून निघालेल्या बसमध्ये बसून मीही गेलो होतो. त्यानंतर काही दिवसांनी वर्तमानपत्रात ते छायाचित्र आले: पांढऱ्या वेशातील धर्मभगिनी, हातात जपमाळ आणि समोर शस्त्रधारी सैनिक. मी ते कापून बायबलमध्ये ठेवले. पुढे सेमिनरीत जाण्याचा निर्णय घेतला त्यात त्या कात्रणाचाही वाटा होता. ख्रिस्तसभा लोकांच्या बाजूने उभी राहिली की काय घडू शकते, ते मला त्या चित्रात दिसले होते.

म्हणूनच २०२२ चा निकाल मला जिव्हारी लागला. त्या वर्षी ९ मे रोजी मार्कोस यांचे चिरंजीव, त्याच नावाचे, ३ कोटी १६ लाख मते मिळवून विजयी झाले. टक्केवारी ५८ च्या वर. प्रतिस्पर्धी लेनी रोब्रेडो यांना त्यांच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे दीड कोटी मते पडली. १९८६ नंतर इतके स्पष्ट बहुमत त्या देशात कोणालाही मिळालेले नव्हते. ज्या राजवाड्यातून कुटुंब रात्री निघून गेले होते, त्याच राजवाड्यात ते छत्तीस वर्षांनी लोकांच्या मतांनी परत आले.

आता सरांना विचारतो: १९८६ चे जनमत देवमत होते, की २०२२ चे? दोन्ही असू शकत नाहीत.

म्हण कोणाची, अर्थ कोणाचा

ज्या लॅटिन म्हणीचा आपण दाखला देतो तिचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. सुमारे ८०० साली आल्क्विन नावाच्या विद्वान मठाधिपतीने सम्राट शार्लमेन याला लिहिलेल्या पत्रात ती येते. परंतु तो तिचे समर्थन करीत नाही. लोकांचा आवाज तो देवाचा आवाज असे जे सांगतात त्यांचे ऐकू नका, कारण जमावाचा कल्लोळ वेडाच्या जवळ जाणारा असतो, अशी त्याची सूचना आहे. इशारा विसरला गेला आणि म्हण तेवढी उरली.

आणि म्हण बाजूला ठेवली तरी आपल्यासमोर झावळ्यांचा रविवार आहेच. रविवारी होसान्नाचा घोष होतो आणि शुक्रवारी बरब्बाला सोडा अशी मागणी होते. आपण दरवर्षी हे ऐकतो आणि जमाव किती चंचल म्हणून मान हलवतो. पण मार्कने एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: मुख्य याजकांनी लोकसमुदायाला चिथवले. म्हणजे ते मत आपोआप उगवलेले नव्हते, ते तयार करण्यात आले होते, आणि तयार करणारे धर्माचे अधिकारी होते. मी स्वतः धर्मगुरू असल्यामुळे हे वाक्य वाचताना माझी नजर खाली जाते. आणि पिलात? त्याला खरे काय ते ठाऊक होते. तरीही त्याने जनमताच्या आड लपून हात धुतले. लोकांनीच मागितले, मी काय करणार, असे म्हणणारा प्रत्येक सुशिक्षित माणूस त्या घंगाळापाशी उभा असतो.

मग लोकांचे ऐकूच नये काय? येथे दुसरी चूक सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा अधिक घातक आहे. २०२२ च्या निकालानंतर मी अनेक शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकले: गरिबांना काय कळते, पैसे घेऊन मते देतात, त्यांची लायकीच ही. आपल्या देशातील निवडणुकांनंतरही हेच वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकू येते. ज्याचा नेता हरतो तो म्हणतो. हे वाक्य ख्रिस्ती माणसाच्या तोंडी शोभत नाही. १९८६ साली रणगाड्यांसमोर उभे राहिलेले लोक काही वेगळे नव्हते. तेव्हा आपल्या मनासारखे वागले म्हणून ते 'देवाची प्रजा', आणि आता वागले नाहीत म्हणून 'अडाणी जमाव' हा न्याय कुठला?

पवित्र शास्त्राने या दोन्ही चुकांना फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलजन येऊन आम्हाला राजा हवा म्हणून मागणी करतात. शमुवेलाला ती आवडत नाही. देव त्याला दोन गोष्टी करायला सांगतो. लोकांचे म्हणणे मान्य कर, ही पहिली. हा राजा तुमच्याशी कसा वागेल ते त्यांना बजावून सांग, ही दुसरी. आणि शमुवेल सांगतो: तुमचे मुलगे तो लढाईवर नेईल, मुली घरकामाला लावील, उत्तम शेते व मळे काढून घेऊन आपल्या सेवकांना देईल. लोक ऐकत नाहीत. तरीही देव त्यांचा निर्णय मोडून काढीत नाही.

लोकांच्या निर्णयाचा आदर आणि लोकांना सावध करण्याचे कर्तव्य या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळाव्या लागतात. सरांनी पहिली धरली, दुसरी सोडली. लोकांना अडाणी म्हणणाऱ्यांनी दोन्ही सोडल्या.

आमच्या पदरातील माप

आता जे लिहायचे ते माझ्याच वर्गाविषयी असल्याने थोडे जड जाते. मार्कोस कुटुंब परत आले ते केवळ पैशाच्या आणि प्रचाराच्या बळावर, असे म्हणून आम्ही धर्मगुरूंनी मोकळे होऊ नये.

१९८६ साली नेता बदलला. १९८७ साली नवी राज्यघटना आली. स्वातंत्र्य परत मिळाले. राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच मुदत ठरली. हे थोर काम होते. पण जमीन? नव्या सरकारला वर्षही झाले नव्हते तेव्हा, २२ जानेवारी १९८७ रोजी, जमीनसुधारणा मागत राजवाड्याकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलापाशी गोळीबार झाला आणि तेरा जण मरण पावले. १९८८ साली जमीनवाटपाचा कायदा झाला. परंतु त्यात जमिनीऐवजी कंपनीचे भाग देण्याची पळवाट होती, आणि तिचा लाभ घेणाऱ्यांत खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या माहेरची हासिएन्दा लुइसिता ही उसाची विशाल जमीनदारी होती. तेथील कुळांना जमीन वाटून देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश अंतिम झाला तो २०१२ साली. चोवीस वर्षे! त्या कुळाच्या मुलाला एडसाच्या चार दिवसांचा अभिमान वाटावा अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

पुढे २००१ साली आणखी एक घटना घडली. जोसेफ एस्त्रादा हे १९९८ साली गरिबांच्या मतांनी प्रचंड मताधिक्याने निवडून आले होते. भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून जानेवारी २००१ मध्ये एडसावर पुन्हा लोक जमले, कार्डिनल सिन यांनी पुन्हा हाक दिली, सेनेने पाठिंबा काढला आणि एस्त्रादा पायउतार झाले. आरोप गंभीर होते, हे खरे. पण तीनच महिन्यांनी एस्त्रादा यांना अटक झाली तेव्हा झोपडपट्ट्यांतून निघालेले लोक त्याच एडसावर, त्याच मरियामातेच्या मंदिरापाशी जमले. या वेळी त्यांना कोणी फुले दिली नाहीत. सुशिक्षितांनी त्यांच्या कपड्यांची आणि दातांची टिंगल केली. १ मे रोजी ते राजवाड्यावर चालून गेले, हिंसा झाली, माणसे मेली. आमचा जमाव म्हणजे जनशक्ती आणि तुमचा जमाव म्हणजे झुंड, हा धडा गरिबांनी त्या दिवशी शिकून घेतला. २०२२ च्या मतपेटीत त्यांनी त्याचे उत्तर टाकले, असे मला वाटते.

याचा अर्थ ते उत्तर बरोबर होते असा नाही. अपमान खरा होता. पण औषध म्हणून जे निवडले ते विषच आहे. ते विष औषधाच्या बाटलीत कसे आले, ते आता पाहू.

विसर पडत नाही, पाडला जातो

मार्कोस कुटुंब एका रात्रीत परतले नाही. १९८९ साली हवाईमध्ये वडिलांचे निधन झाले. १९९१ साली विधवा इमेल्दा मायदेशी आल्या. १९९२ साली मुलगा प्रतिनिधिगृहात निवडून आला, १९९५ साली आई, २०१० साली मुलगा सिनेटमध्ये. १८ नोव्हेंबर २०१६ रोजी वडिलांचे पार्थिव वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरण्यात आले. प्रत्येक पायरीवर लोक थोडे कुरकुरले, थोडे हसले आणि आपापल्या कामाला लागले. कोराझोन अक्विनो २००९ साली वारल्या, कार्डिनल सिन २००५ सालीच गेले होते. ज्यांनी पाहिले ते थकले, आणि ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना घरात कोणी सांगितले नाही.

घरात जे सांगितले गेले नाही, ते मोबाईलने सांगितले. लष्करी कायद्याचा काळ म्हणजे सुवर्णकाळ, रस्ते, रुग्णालये, शिस्त! चित्रफिती छोट्या आणि संगीत गोड. सत्य काय होते? १९६५ साली एक अब्ज डॉलरहून कमी असलेले परकीय कर्ज १९८६ पर्यंत पंचवीस अब्जांच्या पुढे गेले. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी देशाचे उत्पन्न सुमारे सात-सात टक्क्यांनी आक्रसले. बातान येथे दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्चून अणुवीज केंद्र बांधले गेले. त्यातून विजेचे एक युनिटही निघाले नाही आणि त्याचे कर्ज जनता २००७ पर्यंत फेडत राहिली. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मार्कोस यांच्या स्वित्झर्लंडमधील ६५ कोटी डॉलरहून अधिक ठेवी गैरमार्गाने मिळवलेल्या ठरवून सरकारजमा केल्या. ज्या काळाला सोन्याचा म्हणतात त्याचे सोने कोणाच्या पेटीत गेले, हे न्यायालयाच्या कागदावर आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये राजवाड्यातील अखेरच्या दिवसांवर, मार्कोस कुटुंबाच्या बाजूने, एक चित्रपट आला. १९८६ च्या त्या रात्री कोराझोन अक्विनो सेबू शहरात कार्मेल धर्मभगिनींच्या मठात आश्रयाला होत्या, ही इतिहासाची गोष्ट. चित्रपटात त्या धर्मभगिनींसोबत पटावर जुगाराचा खेळ खेळताना दाखवल्या आहेत. मठातील भगिनींनी तत्काळ लेखी निषेध केला: आम्ही तेव्हा प्रार्थना आणि उपवास करीत होतो. बंदिस्त मठात मौन पाळणाऱ्या धर्मभगिनींना सत्यासाठी मौन सोडावे लागले. बोलायला मोकळे असलेले आपण मात्र गप्प असतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप त्या तरुणानेच नंतर घेतला. "फादर, बापाच्या पापाची शिक्षा मुलाला का?" प्रश्न रास्त आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात देवाने हेच स्पष्ट केले आहे की बापाच्या अपराधाचा भार मुलावर येणार नाही. पण तोच अध्याय पुढे सांगतो की मुलाने बापाची कृत्ये पाहून वेगळा मार्ग धरला पाहिजे. १९८६ साली हे चिरंजीव अठ्ठावीस वर्षांचे होते आणि एका प्रांताचे राज्यपाल होते. २०१५ साली क्षमायाचनेविषयी विचारले गेले तेव्हा क्षमा मागण्यासारखे काही आपल्याला दिसत नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. जक्कयाने प्रभूला घरात घेतले तेव्हा लुबाडलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली. क्षमा ख्रिस्ताची देणगी आहे, पण ती विस्मरणाचे दुसरे नाव नाही. पापाची कबुली, पश्चात्ताप, भरपाई हा क्रम आपण पहिल्या कम्युनियनच्या मुलांना शिकवतो. राज्यकर्त्यांना त्यातून सूट कोणी दिली?

दुसरा आक्षेप नेहमीचा: फादरांनी राजकारणात पडू नये. मान्य. कॅनन कायद्याचे कलम २८७ धर्मगुरूला राजकीय पक्षात सक्रिय भाग घेण्यास मना करते. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात हेही सांगितले आहे की माणसाचे मूलभूत हक्क किंवा आत्म्याचे तारण पणाला लागते तेव्हा राजकीय व्यवस्थेविषयीही नैतिक निर्णय सांगणे हा ख्रिस्तसभेचा अधिकार आहे. २०२२ साली फिलिपिन्समधील हजाराहून अधिक धर्मगुरूंनी उघडपणे एका उमेदवाराचे नाव घेतले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण ते उशिरा बोलले, आणि उशिरा बोलल्यामुळेच त्यांना नाव घ्यावे लागले. छत्तीस वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात, लग्नापूर्वीच्या शिबिरात, रविवारच्या प्रवचनात सत्य आणि न्याय यांची सवय लावली असती, तर शेवटच्या महिन्यात नाव घेण्याची वेळ आली नसती. नाव न घेताही लोकांना कळले असते.

आपला व्हरांडा

हे सारे दूरच्या बेटांवरचे आहे असे समजू नका. आपल्याकडे २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ आणीबाणी होती. एक लाखाहून अधिक लोक खटल्याविना तुरुंगात होते. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील कित्येक सक्तीच्या. मार्च १९७७ मध्ये लोकांनी पंतप्रधानांना त्यांच्याच रायबरेली मतदारसंघात हरवले आणि जानेवारी १९८० मध्ये, नव्या राज्यकर्त्यांच्या भांडणांना कंटाळून, त्यांनाच परत आणले. मार्कोस यांच्याशी मी त्यांची तुलना करीत नाही. त्यांनी निवडणूक स्वतः घेतली आणि पराभव मान्य केला, हा फरक मोठा आहे. मला वेगळेच सांगायचे आहे. आजही आपल्या व्हरांड्यात कोणी ना कोणी म्हणतोच, "काही म्हणा फादर, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या." त्यावर सगळे हसतात. शेजारी उभ्या असलेल्या पंचविशीच्या मुलाला त्या काळाची तेवढीच एक गोष्ट ठाऊक होते. सुवर्णकाळाची चित्रफीत अशीच सुरू होते.

म्हणून माझी विनंती साध्या गोष्टींची आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी जे पाहिले ते नातवंडांना सांगावे, त्यात आपला तेव्हाचा भित्रेपणाही सांगावा. मोबाईलवर आलेला मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी हे कोण सांगतो आहे, त्याला काय मिळणार आहे, आणि ज्याच्यावर तो काळ गुजरला त्याने काय सांगितले आहे, एवढे तरी विचारावे. आपल्या वाडीतल्या समूहाच्या बैठकीत रोझरीनंतर दहा मिनिटे पाणी, जमीन, रेशन यांविषयी बोलावे, आणि निवडणूक दूर असताना बोलावे. आणि सर्वांत कठीण गोष्ट अशी: आपल्या मनासारखा नेता आला की पहिला प्रश्न त्यालाच विचारावा. मेंदिओलाच्या पुलावर तेरा शेतकरी पडले तेव्हा सत्तेवर आपले माणूस होते.

आम्ही धर्मगुरूंनीही काही बदलले पाहिजे. सत्तेत कोणीही असो, उत्सवाच्या मंचावर पहिली खुर्ची त्याला देण्याची आमची सवय लोक पाहत असतात. आमच्या प्रवचनापेक्षा ती खुर्ची लोकांच्या अधिक लक्षात राहते.

तो तरुण पुन्हा बोटीवर निघाला तेव्हा निरोप घ्यायला आला होता. मी त्याला म्हटले, "तुझ्या सोबत्यांपैकी सर्वांत वयस्क कोण असेल त्याला १९८६ साली तू कुठे होतास, एवढेच विचार. वाद घालू नकोस." दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. बोटीवरचा फिलिपिनो स्वयंपाकी तेव्हा बारा वर्षांचा होता. आईबरोबर एडसावर दोन रात्री बसला होता. आईने सैनिकांना देण्यासाठी भाताच्या पुड्या बांधल्या होत्या. "मग हे तुझ्या मुलांना सांगितलेस का?" असे याने विचारले. "नाही. त्यांनी कधी विचारले नाही," तो म्हणाला.

२१ सप्टेंबर २०२५ रोजी, लष्करी कायद्याच्या स्मृतिदिनी, पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचाराविरुद्ध हजारो लोक मनिलात पुन्हा रस्त्यावर उतरले. त्यांत धर्मगुरू आणि धर्मभगिनीही होत्या. जनमत पुन्हा कूस बदलत असेल. त्यातून पुन्हा नेता बदलेल किंवा बदलणार नाही. पण त्या स्वयंपाक्याने आपल्या मुलांजवळ तोंड उघडले नाही, तर जो येईल तोही छत्तीस वर्षांनी कोणाचा तरी सुवर्णकाळ ठरेल.

सर, तुमचे वाक्य मी त्या दिवशी खोडले नाही, ते आज खोडतो आहे. येत्या रविवारी मिस्सेनंतर व्हरांड्यात थांबा. १९७५ साली तुम्ही नोकरीला नुकतेच लागला होतात. तेव्हा शाळेत काय झाले, ते आमच्या युवकांना तुमच्याच तोंडून ऐकायचे आहे.